ओळखलंस का?

पत्रिकेवर तीन सूचना होत्या. पहिली, मावशीच्या समोरून येऊ नका, बाजूनं या. दुसरी, जवळ आलात की आधी आपलं नाव सांगा. तिसरी सूचना सगळ्यात मोठ्या अक्षरांत होती: "ओळखलंस का?" असं कुणीही विचारायचं नाही.

काळा कार्डपेपर, त्यावर पिवळ्या कागदाची कापून चिकटवलेली अक्षरं. प्रत्येक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं. चकाकी कुठेही नाही, वेलबुट्टी नाही. एरवी माझ्या मुलींच्या हातची पत्रिका म्हणजे उघडली की आतून काहीतरी उभं राहायचं, एखादी दुमड उलगडत जायची. त्यामुळे ही पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला जरा रुक्षच वाटली. मग मी ती तीन सूचनांपर्यंत वाचत गेले आणि खुर्चीत बसून राहिले.

माझी थोरली बहीण सत्तर वर्षांची होणार होती. गेली काही वर्षं तिच्या दोन्ही डोळ्यांतल्या पीतबिंदूचा ऱ्हास होत आला आहे. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असलेला हा इवलासा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. तो झिजला की जिथं बघायला जावं नेमकं तेवढंच पुसलं जातं आणि कडेचं मात्र दिसत राहतं. ताईला हे पहिल्यांदा कळलं ते दाराच्या चौकटीवरून. सरळ चौकट तिला मध्येच वाकलेली दिसायला लागली. डॉक्टरांनी तिच्यापुढे चौकड्यांचा एक कागद धरला. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावानं ती जाळी ओळखली जाते. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. ताई म्हणाली, "रेघा पाण्यात पडल्यासारख्या दिसतात."

या आजाराची एक फार वाईट बाजू आहे, आणि ती डोळ्यांशी संबंधित नाही. ताई घरात कुणाचाही हात न धरता फिरते. टेबलाची कड तिला दिसते, दारातून बाहेर पडता येतं, खाली पडलेली वस्तूही ती उचलते. त्यामुळे तिला दिसत नाही यावर लोकांचा विश्वास बसत नाही. समोरून ओळखीचं माणूस हसत येतं आणि ताई त्याच्याकडे बघून पुढे निघून जाते. "हल्ली ओळखसुद्धा देत नाही," हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आणि ज्यांना आजार माहीत आहे ते तिच्यापुढे उभं राहून प्रेमानंच विचारतात, "ओळखलंस का?" मग ती चाचपडते, एखादं नाव घेते, ते चुकतं, सगळे हसतात. तिनं हळूहळू जाणंयेणं बंद केलं. कारणं देत राहिली. पाय दुखतात, झोप झाली नाही, पुढच्या वेळी नक्की.

मी सख्खी बहीण. मला ती कारणं खरी वाटत होती.

माझ्या थोरल्या मुलीच्या मात्र लक्षात आलं. घरातल्याच एका लहानशा कार्यक्रमात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मावशी सगळ्यांकडे बघून सारखंच हसते आहे. मघाशी माझ्याकडे बघूनही तसंच हसली. तिनं मला ओळखलेलं नाही." मी ताईकडे बघितलं. खरंच, एकच हसू होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तेवढंच, त्याच मापाचं.

दोन्ही मुलींनी ठरवलं की मावशीची सत्तरी साजरी करायची, आणि अशी करायची की त्या संध्याकाळी तिथं सगळ्यात निवांत कुणी असेल तर ती मावशीच.

या दोघींचा हा नाद फार जुना आहे. धाकटी सात वर्षांची असेल. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडत बसली होती. शेजारी ताई होती. पट्ट्या कधी सरळ येत होत्या, कधी तिरक्या जाऊन मध्येच तुटत होत्या, आणि पोर रडकुंडीला आली होती. ताई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. थोड्या वेळानं धाकटी ओरडली, "उभा फाडला की सरळ फाटतो! आडवा फाडला की वाकडा जातो!" कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं पडतात. त्या दिशेनं कागद मुकाट्यानं फाटतो, घडीही गुमान घेतो. आडव्या दिशेनं घडी घातली तर पाठीवर चिरा पडतात. छापखान्यात काम करणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागते. माझ्या मुलीनं ती फरशीवर बसून स्वतः शोधली, आणि तेव्हापासून या घरात कुठलाही कागद आला की आधी दोन्ही बाजूंनी हलकासा वाकवून बघितला जातो.

थोरलीचा हात वेगळा. तिला माप लागतं. न चालणारं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन ती आधी दाबाची रेघ ओढणार आणि मगच दुमडणार. तिच्या पुठ्ठ्याच्या डब्यांची झाकणं हवेचा बारीक आवाज करत बसतात. धाकटी हातात कात्री घेऊन कागद फिरवते, कात्री जागची हलत नाही. एकीचं सगळं काटकोनात, दुसरीचं सगळं वळणात. शाळेच्या वयात मी यावरून पुष्कळ बोलले. परीक्षा तोंडावर आणि जमिनीवर कपटे, कोणत्या आईला चालेल? एकदा रागाच्या भरात मी एक अर्धवट झालेला पुठ्ठ्याचा किल्ला कचऱ्यात टाकला होता. त्याची आठवण आजही टोचते.

पुढे त्या मोठ्या झाल्या, नोकरीला लागल्या. थोरली दिवसभर आकड्यांत असते, धाकटी मुलांना शिकवते. मैत्रिणींच्या घरी बाळ येणार, कुणी परदेशी निघालं, कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं, की संध्याकाळी या दोघी कटिंग मॅट पसरून बसलेल्या. त्यातलं किती सांगू? सगळं सुंदर होतं एवढंच म्हणते, कारण मला ताईच्या सत्तरीबद्दलच लिहायचं आहे.

सुरुवात थोरलीनं ब्रेलपासून केली. ठिपक्यांच्या उठावाची पाटी आणि टोचा घेऊन आली, जाड कागद आणला आणि रोज रात्री तास-दीड तास सरावाला बसायला लागली. मी शेजारी बसून बघायची. सहा ठिपक्यांचं एक घर, दोन उभ्या ओळी, प्रत्येकी तीन. लुई ब्रेलनं ही लिपी १८२४ मध्ये बसवली तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता, हे मला तिच्याकडून कळलं. टोचा कागदाच्या पाठीमागून टोचायचा असतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. मग कागद पालटायचा आणि डावीकडून उजवीकडे बोटानं वाचायचं. थोरलीचं डोकं अशा गोष्टीत रमतं. तीन आठवड्यांत तिनं पाहुण्यांची सगळी नावं टोचून तयार केली. सुबक, एकसारखे ठिपके.

धाकटीनं ती कार्डं हातात घेतली, बोट फिरवलं आणि विचारलं, "मावशीला ब्रेल येतं?"

थोरली गप्प झाली. ताईला ब्रेल येत नाही. दृष्टी उतारवयात गेली की नवी लिपी बोटांना शिकवणं सोपं नसतं, आणि ताईनं कधी शिकायची इच्छाही दाखवली नव्हती. तीन आठवड्यांचं काम टेबलावर पडलं होतं. मला वाटलं आता वाद होणार. थोरलीनं कार्डं गोळा केली, त्यांना रबर लावलं, खणात ठेवली आणि म्हणाली, "मी मावशीसाठी नव्हते करत. मला करून बघायचं होतं." मग दिवा मालवून झोपायला गेली. आवाजात चीड नव्हती. केलेलं काम सुंदर असूनही ज्याच्यासाठी केलं त्याच्या उपयोगाचं नाही, हे असं एका वाक्यात मान्य करायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. मला ते या वयातही नीट जमत नाही. त्या रात्री मला माझ्या मुलीचा जो अभिमान वाटला तो तिच्या कुठल्याही डब्याच्या झाकणापेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या अक्षरं सोडून स्पर्शाकडे वळल्या. प्रत्येक पाहुण्यासाठी मनगटावर बांधायची कापडी पट्टी, प्रत्येक पट्टीवर वेगळ्या स्पर्शाचा एक तुकडा, आणि तो तुकडा ज्यानं त्यानं स्वतः निवडायचा, मावशीशी असलेल्या आपल्या नात्यातून. प्रत्येक तुकड्याची जोड असणार, एक पाहुण्याच्या मनगटावर आणि एक मावशीच्या डब्यात. अठ्ठावीस पाहुणे, छप्पन्न तुकडे.

फोन सुरू झाले. शेजारच्या बाईंनी लोकरीचा उलट-सुलट विणीचा चौकोन पाठवला, कारण त्या आणि ताई एकेकाळी एकाच सुईवर विणकाम शिकल्या होत्या. सुतारकामाची आवड असलेल्या भाच्यानं पॉलिश पेपर दिला. आमच्या ह्यांनी शर्टाची चार बटणं. एका मैत्रिणीनं कॉर्डरॉय, एकीनं जुन्या साडीचा काठ, तिच्याच. आणि ताईच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेल्या एका गृहस्थांनी आपल्या जुन्या घड्याळाचा चामडी पट्टा पाठवला. पट्ट्याचे मुळातच दोन भाग असतात, एकाला बक्कल आणि एकाला भोकं. बक्कलचा भाग त्यांच्या पट्टीवर गेला, भोकांचा ताईच्या डब्यात. तिसरं भोक वर्षानुवर्षांच्या वापरानं ताणून लांबट झालं होतं.

पट्ट्या पहिल्यांदा पांढऱ्या गोंदानं चिकटवल्या. रात्री ठेवल्या, सकाळी बघितल्या तर गोंद कापडातून वर आलेला. मऊ साडीचा काठ पत्र्यासारखा, मखमल काटेरी, लोकर चिकट होऊन बसलेली. रेशीम आणि सुती यांत बोटाला काही फरकच राहिला नव्हता. दिसायला सगळं ठीक होतं. फोटो काढला असता तर कुणाला काही कळलं नसतं. धाकटी डोळे मिटून एकेक पट्टी चाचपत गेली आणि बाजूला टाकत गेली. बावीस टाकल्या. पाहुण्यांकडून पुन्हा तुकडे मागवले, आणि यावेळी सगळं शिवायचं ठरलं, फक्त कडेकडेनं, म्हणजे मधला भाग मोकळा राहील. काजाचा टाका मला चांगला येतो, म्हणून मलाही कामाला घेतलं. चार रात्री आम्ही तिघी एका दिव्याखाली बसलो. मी विचारलं, "माझी पट्टी कुठाय?" थोरली दोरा तोडत म्हणाली, "तुला कशाला? तुझं पाऊल वाजलं की मावशीला कळतं."

सजावटीचं सगळं गणितही नव्यानं मांडलं गेलं. बारीक रंग ओळखणाऱ्या पेशी डोळ्यात मधोमध दाटीनं असतात. कडेचा भाग उजेड-अंधार आणि हालचाल चांगली टिपतो. त्यामुळे जांभळ्यावर लाल अशा नाजूक रंगसंगतीला इथं अर्थ नव्हता. काळ्यावर पिवळं, गडदवर पांढरं. चमकी, जिलेटिन, चंदेरी कागद सगळं बाद, कारण परावर्तित उजेडानं ताईचे डोळे दिपतात आणि उरलंसुरलंही जातं. धाकटीला काळ्या पार्श्वभूमीची फुलं करायची होती. तिच्या मनात मेरी डेलनी होत्या. १७०० साली जन्मलेल्या या इंग्रज बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, ते काळ्या कागदावर चिकटवून हुबेहूब फुलं करायला सुरुवात केली. नऊशेहून अधिक केली, आणि डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा थांबल्या. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. धाकटीनं मला त्यांची छायाचित्रं दाखवली. एकेका फुलात पाकळीची शीर, देठावरची लव. "मला एवढं बारीक नाही करायचं," ती म्हणाली, "मला त्यांचा फक्त काळा रंग हवाय."

तिनं हातभर रुंदीची पिवळी-पांढरी फुलं केली आणि काळ्या कापडावर लावली. समोरच्या भिंतीवर मात्र एकही नाही. सगळी ताईच्या खुर्चीच्या डाव्या-उजव्या बाजूला, तिच्या खांद्याच्या उंचीवर. वर छताला झुलती कागदी पाखरं टांगली, पंख्याच्या वाऱ्यानं हलतील अशा बेतानं, तीही कडेलाच. दारातून येणाऱ्याला ही खोली अर्धवट सजवल्यासारखी वाटावी. एक पाहुणे तसं म्हणालेही. खुर्चीत बसलं की कळायचं. आदल्या दिवशी मी बसून बघितलं, नजर समोर रोखून. दोन्ही बाजूंनी काहीतरी उजळ, हलतं, जिवंत असं जवळ आल्यासारखं वाटत होतं.

आवाजाचाही विचार होता. गाणी नाहीत. ताई माणसं आवाजावरून ओळखते आणि गाण्याच्या गोंगाटात सगळे आवाज एकमेकांत मिसळतात. जमिनीवर जाड सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे, म्हणजे खोली घुमणार नाही. खुर्च्या एकदा मांडल्या की कुणी हलवायच्या नाहीत. पांढऱ्या ताटल्या गडद कापडावर. हे सगळं थोरलीनं चौकटी आखून कागदावर उतरवलं होतं. तिच्या काटकोनांचं इतकं प्रेमळ रूप मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सत्तरीच्या आधीचा आठवडाभर दोघी रोज संध्याकाळी डबा घेऊन ताईकडे जात. ताई एकेक तुकडा चाचपायची आणि नाव सांगायची. आधी कंटाळली, मग तिला चुरस वाटायला लागली. चौथ्या दिवशी तिनं स्वतःहून डबा मागितला.

त्या संध्याकाळी लोक बाजूनं आले, नाव सांगून हात पुढे करत गेले. ताईची बोटं पट्टीवर जायची आणि मग तिचा चेहरा बदलायचा. प्रत्येकाला वेगळा. विणीच्या चौकोनाला एक हसू, पॉलिश पेपरला दुसरं, तीन वर्षांच्या नातवाच्या मऊ केसाळ पट्टीला तर ती खळखळून हसली. मी तिच्या मागे उभी होते आणि ते वेगवेगळं हसणं ऐकत होते. घड्याळाच्या पट्ट्याचे गृहस्थ आले तेव्हा त्यांचा गळा दाटून आला आणि नाव सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी नुसता हात पुढे केला. ताईचा अंगठा बक्कलवर गेला, थांबला, पुन्हा फिरला.

"आज वेळेवर आलात की!" ती म्हणाली.

मी थोरलीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि ओढणीनं तोंड दाबून धरलं होतं. धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. मला त्या दोघींना जवळ घ्यायचं होतं, पण मधल्या खुर्च्या हलवायच्या नव्हत्या.

लोक मला म्हणाले, मुली किती हौशी आहेत. हौस आहेच, ती मला त्यांच्या लहानपणापासून ठाऊक आहे. पण चार माणसांत एका माणसाचं हसू सारख्याच मापाचं झालंय हे बघून अस्वस्थ होणं, आणि त्या अस्वस्थतेचं कात्री, दोरा, काळा कागद घेऊन काहीतरी करणं, हे मी त्यांना शिकवलेलं नाही. कदाचित ताईनंच शिकवलं असेल, पोरीच्या शेजारी गप्प बसून.

मागच्या आठवड्यात धाकटीच्या शाळेतल्या मुलांसाठी कागदाच्या लगद्याचा एक मोठा ग्रह करायचं घाटत होतं. फुगा फुगवायचा, त्यावर गोंदात भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थर चढवायचे. पट्ट्या कात्रीनं कापायच्या नसतात, फाडायच्या असतात, कारण फाटलेली कड पातळ होते आणि एकमेकींत मिसळून जाते. शेकडो पट्ट्या लागतात. ताई आमच्याकडे आली होती. तिनं आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "काय चाललंय?" धाकटीनं सांगितलं.

"आण इकडे," ताई म्हणाली. मांडीवर वर्तमानपत्र घेतलं, दोन्ही बाजूंनी हलकंसं वाकवून बघितलं, मग फिरवून धरलं आणि वरून खाली फाडत गेली. दुपारभर ती सरळ, लांब फाटत जाणाऱ्या कागदाचा आवाज घरात येत होता.